त्रेचाळिसाव्या मिनिटाची बाटली

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि दुर्बीण या टोपणनावाचा माणूस कामाला लागून पावणेदोन तास झाले होते. समोर टीव्हीवर चित्र थांबवलेलं. एका फौजदाराचं टेबल, त्यावर फायलींचा ढीग, टेबलफोन आणि थंड पेयाची एक बाटली. नारंगी, हंस छाप. टेबलापलीकडे बेड्या घातलेला एक माणूस रडता रडता गोठून बसला होता. दुर्बिणीचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. त्याने वहीत लिहिलं, "मिनिट ४३. बाटली कोरी. घासल्याची कडी नाहीत." खाली दोन रेघा ओढल्या, इतक्या दाबून की मागच्या पानावर उमटल्या.

"सापडला!" तो म्हणाला.

"खुनी?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"घोळ."

"कुणाचा?" असं विचारून ती स्वतःच म्हणाली, "राहू दे. कळलं."

घोळ साडूचा होता, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. सिनेमा खुनाच्या तपासाचा, गोष्ट १९६८ सालची. त्या सालातली टेबलं, गाड्या, टोप्या, बाटल्या सगळं हुबेहूब हवं म्हणून सिनेमावाल्यांनी जाणकार माणसं नेमली होती. शेवटी नावं सरकतात तिथे "जुन्या बाटल्यांचे सल्लागार" अशी ओळ येत होती आणि तिच्यापुढे साडूचं पूर्ण नाव. ते पडद्यावर चार सेकंद राहायचं. दुर्बिणीने मोजलं होतं.

आज दुपारी साडूकडे जेवण होतं. सिनेमाची कलादिग्दर्शिका यायची होती. तिच्या हाती पुढचा सिनेमा होता, पुन्हा जुन्या काळातला, पुन्हा खुनाचा. त्यालाही बाटल्यांचा एक सल्लागार लागणार होता. एकच. कुणीतरी दाखवलेली दुर्बिणीची सिनेमातल्या बाटल्यांवरची टिपणं तिने वाचली होती आणि मेहुणीला फोनवर म्हणाली होती, "तुमच्या भाऊजींनाही बोलवा ना, मला भेटायचंय." मेहुणीने हा निरोप बहिणीला दिला, बहिणीने नवऱ्याला, आणि तेव्हापासून तो टीव्हीसमोरून हलला नव्हता. काल दुपारी चारला बसला, जेवायला उठला, दहाला झोपला, पहाटे पाचला पाच कमी असताना पुन्हा बसला.

हा माणूस मुळात सिनेमाचा शौकीन नाही. तो एकोणिसाव्या वर्षी बाटल्या भरण्याच्या कारखान्यात लागला आणि चौतीस वर्षं एकाच स्टुलावर बसला. काम बघण्याचं. धुतलेल्या बाटल्या पट्ट्यावरून एकामागोमाग यायच्या, मागे पांढऱ्या काचेआड दिवा, आणि याने प्रत्येक बाटलीत तडा, टवका, पेंढ्याची काडी, मेलेली माशी शोधायची. मिनिटाला साठ बाटल्या. खराब दिसली की उचलून बाजूला. त्या खोलीला खिडकी नव्हती, कारण बाहेरचा उजेड आला की बाटली खोटं बोलते.

वीस मिनिटांनी घंटा व्हायची आणि बघणारा बदलायचा. हा नियम साहेबालाही मोडता येत नसे. वीस मिनिटांनंतर डोळा भरतो, असं तिथे म्हणायचे. डोळा भरला की माणसाला समोरची बाटली दिसत नाही, जी दिसायला हवी ती दिसते. तडा गेलेली बाटली डोळ्यांसमोरून जाते आणि डोळा सांगतो, स्वच्छ आहे, जाऊ दे.

साहेब अधूनमधून मुद्दाम खुणेची खराब बाटली पट्ट्यावर सोडायचे, कोण पकडतं ते पाहायला. याने चौतीस वर्षांत एकही सोडली नाही. दुर्बीण हे नाव त्यातूनच पडलं. पण चांगला तपासनीस असण्यात एक गोम आहे. त्याच्या कामाचा पुरावा म्हणजे काहीच न घडणं. कुणाच्या घशात काच गेली नाही म्हणून कुणी कधी त्याला हार घातला नाही. पुढे कॅमेऱ्याचं यंत्र आलं, स्टूल भांडारात गेलं, आणि स्टुलामागोमाग तोही.

साडू त्याच कारखान्यात ट्रकवर होता. दुकानोदुकानी भरलेल्या बाटल्या उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. गावभर ओळखी. पोरंबाळं हात करायची, दुकानदार आतून खुर्ची आणायचे. दुर्बीण दिवसभर अंधाऱ्या खोलीत दिव्याकडे तोंड करून बसायचा आणि साडू उन्हात हिंडून रंगाने काळा आणि नावाने मोठा होत होता. लग्नकार्यात लोक विचारायचे, "कारखान्यातले ते तुम्हीच का?" हा हो म्हणायचा. मग लोक म्हणायचे, "नाही नाही, ते ट्रकवाले. हसरे."

रिटायर झाल्यावर एका दुपारी टीव्हीवर जुन्या काळाचा एक गुन्हेपट लागला होता. गोष्ट १९५९ सालची, आणि गुंडांच्या अड्ड्यावर हंस छापची बाटली, काचेवरच छापलेल्या हंसाची. हा ताडकन उठला. काचेवर छपाई सुरू झाली बासष्ट साली, त्याआधी कागदाची चिठ्ठी असायची. त्या दिवसापासून त्याला पुन्हा काम मिळालं. खुनाच्या सिनेमात कॅमेरा वस्तूंवर रेंगाळतो. टेबल, पेला, बाटलीवरचे बोटांचे ठसे. बाकीच्या सिनेमांत बाटली अशी निवांत बघायला मिळत नाही. बुचाच्या आत बूच-लाकडाची चकती आहे की प्लास्टिकची, काच हिरवट आहे की पांढरी, हंसाची मान किती वाकलेली, सगळं तो वहीत उतरवायचा. कंपनीने पुढे केलेली बाटलीही तो लगेच ओळखायचा. पूर्वी कंपनी शूटिंगला क्रेट पाठवायची, अट एकच, शिक्का कॅमेऱ्याकडे. त्यामुळे मारामारी होवो, टेबल उलटो, बाटली पुन्हा उभी राहायची ती हंस समोर करूनच. "या खोलीत एवढा शिस्तीचा दुसरा कुणी नाही," असं त्याने एका टिपणात लिहिलं होतं. फोनवर त्याचा एक गट होता, चारशे माणसांचा. तिथे ते वाक्य फार चाललं.

बायको म्हणायची, "अहो, निदान खून कुणी केला ते तरी बघा."

"कुणी का केला असेना. बूच चुकीचं आहे."

सवय मात्र जुनीच. टेबलावर स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ, वीस मिनिटांची चावी. वाजलं की डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं. काल दुपारपासून त्या घड्याळाला त्याने हात लावला नव्हता. चावी द्यायला उठायचं म्हणजे साडूच्या सिनेमावरून नजर काढायची.

राग नुसत्या चार सेकंदांचा नव्हता. साडूने ट्रकवर असताना बंद पडलेल्या दुकानांतून जुन्या बाटल्या गोळा केल्या होत्या, सहाशेच्या वर. गाडी ठेवायच्या खोलीत फळ्यांवर लावलेल्या. अकरा वर्षं दर रविवारी तो त्यातली एक बाटली पिशवीत घालून आणायचा आणि चहा पिता पिता विचारायचा, "ही कुठल्या सालची हो, दुर्बीणराव?" आणि हा सांगायचा. साल, साचा, भट्टी, सगळं. चहासुद्धा याच्याच घरचा. मग एका दुकानदाराने कलादिग्दर्शिकेला साडूचा पत्ता दिला. बाटल्या साडूकडे होत्या, ज्ञानही आता साडूकडे होतं, आणि ते ज्ञान साडूच्या पायांनी चालत सिनेमात गेलं. वर पेपरात मुलाखत आली. मथळा होता, "बाटलीचं वय तिच्या बुडाला विचारावं!" ते वाक्य दुर्बिणीचं होतं. एका रविवारी, बिस्किट बुडवताना बोललेलं.

म्हणून त्रेचाळिसावं मिनिट. परतीच्या बाटल्या क्रेटमध्ये एकमेकींना घासतात. वर्षभर फिरलेल्या बाटलीच्या खांद्यावर आणि बुडाशी, जिथे ती सगळ्यात रुंद असते तिथे, काच घासून दोन पांढरी कडी उमटतात. कारखान्यात त्याला घासकडी म्हणायचे. अडुसष्ट साली पोलीस चौकीत आलेली बाटली निदान वीस वेळा फिरलेली असणार. आणि साडूने तिथे ठेवली होती कोरी करकरीत. ट्रकवर वीस वर्षं घालवलेल्या माणसाने. सहज शोभलं असतं एखाद्या पोराला, साडूला नाही. दुर्बिणीने वही पिशवीत घातली, चांगला शर्ट घातला, आणि आरशात बघून दोनदा म्हणून पाहिलं, "बाकी सिनेमा छान आहे हं."

साडूकडे टीव्ही भिंतभर होता. दुर्बीण आत शिरला आणि त्याने आधी तिकडेच बघितलं.

"या या, साहेब आले!" साडू हसला. त्याचे केस या वयातही दाट होते, हेही एक होतंच. "मॅडम, हेच ते. आमच्या कारखान्याचे डोळे."

कलादिग्दर्शिका पस्तिशीची, केस बारीक कापलेले, बोटांना रंगाचे डाग. ती उठून उभी राहिली. "काका, मी तुमची सगळी टिपणं वाचलीत. त्या शिस्तीच्या बाटलीवर तर आम्ही ऑफिसात किती हसलो."

दुर्बिणीने मान डोलावली. आतून त्याला एकदम बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

"पुढच्या सिनेमात बाटल्या खूप आहेत," ती म्हणाली. "हंस छापवाल्यांनीच जुन्या साच्यावरून नव्या पाडून दिल्यात. त्यांना त्या पडद्यावर दिसायला हव्यात, मला त्या जुन्या वाटायला हव्यात. म्हणून म्हटलं तुम्हा दोघांशी बोलावं आणि आजच ठरवून टाकावं."

"आधी जेवून घ्या," मेहुणी म्हणाली. "बाटल्या कुठे पळून जात नाहीत."

जेवण झालं. भात, मासे, नंतर फळं. साडूने ट्रकच्या गोष्टी सांगितल्या, सगळे हसले, दुर्बिणीची बायकोसुद्धा. एक गोष्ट तर कारखान्यातल्या माशीची होती, बाटलीत सापडलेल्या. ती माशी दुर्बिणीने पकडली होती. गोष्टीत ती साडूच्या ट्रकवरच्या एका गिऱ्हाइकाने पकडली. दुर्बिणीने चमचा ताटात ठेवला.

"मॅडम, एक सांगू का?" तो म्हणाला. "बाकी सिनेमा छान आहे हं. पण त्रेचाळिसाव्या मिनिटाला एक घोळ झालाय."

साडूचं हसू जागेवरच राहिलं. "कसला घोळ?"

"चौकीतली बाटली कोरी आहे. घासकडी नाहीत. अडुसष्ट सालात कोरी बाटली चौकीत? कारखान्यातून थेट बेड्या घालून आणली होती का?"

शेवटचं वाक्य त्याने अंघोळीत तयार केलं होतं. बायको खाली बघत सफरचंद कापत राहिली. कलादिग्दर्शिका गंभीर झाली. "काका, तसं असेल तर फारच वाईट. कड्यांबद्दल मी स्वतः विचारलं होतं. बघू या का?"

"बघू या की," दुर्बीण म्हणाला. "माझ्याकडे वेळ आहे."

साडूने रिमोट घेतला. फौजदार आला, बेड्या आल्या, माणूस रडायला लागला. "थांब. इथेच," दुर्बीण म्हणाला. चित्र थांबलं. बाटली भिंतीवर हातभर उंच झाली होती.

मग मेहुणी म्हणाली, "भाऊजी, मग हे पांढरं काय आहे?"

खांद्यावर एक कडं होतं. बुडाशी एक कडं होतं. खडूने काढावीत तशी. खालच्या कड्यात तर एक टवकाही होता.

दुर्बीण उठून टीव्हीजवळ गेला. त्याने अंगठा पडद्यावर ठेवून खांद्यापासून फिरवला, जणू काच हाताला लागणार होती. मग दोन पावलं मागे येऊन पाहिलं. मग पुन्हा पुढे. "हा दुसरा टीव्ही आहे," तो म्हणाला.

"सिनेमा तोच आहे ना?" मेहुणीने खरोखरच विचारलं. टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला.

साडू हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने दुर्बिणीच्या बायकोकडे वळून विचारलं, "ताई, किती वेळ बसले होते?"

"कालपासून," ती म्हणाली. "चार वाजल्यापासून."

"घड्याळ?"

"लावलंच नाही."

"डोळा भरला," साडू कलादिग्दर्शिकेला म्हणाला. "होतं असं. वीस मिनिटांच्या वर बघितलं की घासलेली बाटलीसुद्धा स्वच्छ दिसते. आमच्याकडे घंटा व्हायची." सगळं बरोबर सांगितलं. शब्दही बरोबर. साडू त्या खोलीत एक दिवसही बसलेला नव्हता. हे त्याला एका रविवारी दुर्बिणीनेच सांगितलं होतं.

चौतीस वर्षांत कधी न सुटलेली खुणेची बाटली दुर्बिणीच्या नजरेतून सुटली होती, आणि ती पट्ट्यावर कुणी सोडली नव्हती. त्याला स्वच्छ बाटली हवी होती, डोळ्याने ती करून दिली. तो खुर्चीवर बसला आणि वही पिशवीत खाली ढकलली.

कलादिग्दर्शिका चांगली होती. तिने विषय बदलला नाही, पण ताणलाही नाही. "दादा, मग पुढच्या सिनेमाचे सल्लागार तुम्हीच राहा," ती साडूला म्हणाली, अगदी साध्या आवाजात. मग दुर्बिणीकडे वळली. "काका, मला एक सांगा. नव्या दोनशे चाळीस बाटल्या आल्यात. त्यांना कडी कशी आणायची? आमचा एक माणूस म्हणतो, पॉलिश कागदाने घासू."

"कागदाने?" दुर्बीण म्हणाला. आवाज चढला. "कागदाने रेघा एका दिशेने जातात. बाटली बाटलीला घासते तेव्हा बारीक ठिपके पडतात, मग ठिपके जुळून कडं होतं. कॅमेऱ्यात लगेच कळेल. लाकडी क्रेट घ्या, चोवीस खणांची, खणांमधल्या फळ्या काढून टाका. पाणी भरून बाटल्या उभ्या करा, रिकाम्या नाचतात नुसत्या. आणि क्रेट हलवा. दर अर्ध्या तासाने प्रत्येक बाटली पाव वळणाने फिरवा, नाहीतर कडं एकाच बाजूला येईल."

"किती वेळ लागेल?"

"तीन दिवस. करणारा माणूस असेल तर."

"तुम्ही कराल?"

तो थांबला. "नाव?"

"काका, बाटल्यांसाठी एकच नाव जातं. सल्लागाराचं."

"अहो, करतील ते," साडू मध्येच म्हणाला. "यांच्याइतकी कडी जगात कुणाला कळत नाहीत. मी सांगतो ना." त्याने दुर्बिणीच्या खांद्यावर हात ठेवला. हात ऊबदार होता. साडूने तो काढून घेईपर्यंत दुर्बिणीने श्वास धरून ठेवला.

"करतो," तो म्हणाला.

परतताना बसमध्ये जागा मिळाली. बायको खिडकीशी बसली. तीन थांबे गेले.

"नाही म्हणायचं होतं," ती शेवटी म्हणाली.

"मग त्यांचा तो माणूस कागदाने घासेल."

"घासू दे की. तुमचं काय जातंय?"

"दोनशे चाळीस बाटल्या जातायत. पडद्यावर. सगळ्या जगाने बघायच्या."

"त्याच्या नावावर."

"माहितेय मला."

"जळताय तुम्ही."

"जळत नाही. पोटात दुखतंय."

ती हसली. हसू दाबायला खिडकीबाहेर बघितलं, तरी खांदे हलत होते. "बेचाळीस वर्षं झाली," ती म्हणाली, "धाकटीला साडी माझ्याहून चांगली मिळाली म्हणून मी आठ दिवस जेवले नव्हते. आठवतंय? तुम्ही मला मूर्ख म्हणाला होतात."

"साडी आणि हे एक आहे का?"

"नाही. तशी साडी मला पुढे मिळाली."

घरी आल्यावर त्याने वही काढली. मिनिट ४३ च्या पानावर फुली मारली, पण पान फाडलं नाही. समोरच्या पानावर त्याने कामाची यादी केली. क्रेट दहा, पकड, रबरी नळी, जाड हातमोजे, गुडघ्याला उशी. नळीखाली रेघ मारून लिहिलं, "उन्हात तापलेल्या बाटलीत गार पाणी नको, काच तडकेल." एवढं एक तो साडूसमोर बोलला नव्हता.

संध्याकाळी फोनवर कामाचं पत्रक आलं. सगळ्यांची नावं एकाखाली एक. साडू तिसऱ्या ओळीत, दुर्बीण चौदाव्या, सुतार आणि वायरमन यांच्या मधे. त्याने पत्रक दोनदा वाचलं, डोळे मिटून बसला, आणि मग तिसऱ्यांदा वाचलं. उद्या सोमवार. पत्रकात लिहिलं होतं, बाटल्यांचं गोदाम सकाळी नऊ वाजता उघडेल, आणि किल्ली साडूकडे असेल.